आवाज करतो तोच द्या

लॅपटॉप घ्यायच्या आधी मी आठवडाभर नुसते व्हिडिओ बघितले. एक माणूस दोन लॅपटॉप शेजारी ठेवून बोलत बसतो ना, तसले. कुठला गरम होतो, कोणाची बॅटरी किती टिकते, उन्हात स्क्रीन दिसते का. वहीत यादी केली, तीन निवडले, तीनातून एक. पातळ, हलका, आठ जीबी रॅम, एसएसडी, आणि सगळ्यात भारी म्हणजे त्याच्यात पंखाच नाही, अजिबात आवाज करत नाही. मैत्रिणींना लिंका पाठवल्या. मम्मी भाजी निवडत होती तर तिच्या मागे मागे फिरून सांगितलं. खूश असते तेव्हा मी जे जे करते ते सगळं मी करत होते. आत काही वाटत होतं का विचाराल तर नाही. त्या दिवसांत आमच्या घरात कोणालाच काही वाटत नव्हतं.

का ते सांगते. आमचं घर भिवंडीत, नारपोलीला. वर आम्ही, खाली कारखाना. कारखाना म्हणजे पप्पांच्या आठ लूम, कापड विणायच्या. मी जन्मले तेव्हापासून त्या खाली चालत होत्या. शुक्रवारी लाईट जायची तेवढीच सुट्टी. आम्ही तिघंही मोठ्याने बोलतो, कॉलेजमध्ये मला सगळे विचारायचे, तू भांडतेयस का? जेवायची हाक मारून उपयोग नसायचा, म्हणून मम्मी जिन्यावरचं बटण दोनदा दाबायची. खालचा बल्ब लुकलुकला की पप्पा हात पुसत वर. आमच्या घरी जेवायला या म्हणजे लुकलुक.

मग कापडाला भाव नाही, कारागीर गावाला गेले ते आले नाहीत, हे सगळं भिवंडीत कोणाला नवीन नाही, त्यामुळे लांबण लावत नाही. आठही लूम भंगारात गेल्या. एका दुपारी टेम्पो आला, दोन फेऱ्या झाल्या, संपलं. मी वर बसून कसलातरी ऑनलाईन फॉर्म भरत होते. खाली तोडायचा आवाज येत होता आणि मी आईचं नाव, वडिलांचं नाव, पिनकोड टाकत होते. मला वाटलं होतं रडू येईल. फॉर्म सबमिट झाला.

खाली जमिनीवर तेलाचे आठ चौकोन राहिले आणि बोल्टांची भोकं. पप्पा वर हॉलमध्ये खुर्चीत. पहिले चार-पाच दिवस मम्मीने दुपारी सवयीने बटण दोनदा दाबलं. खाली रिकाम्या कारखान्यात बल्ब लुकलुकला असणार. पप्पा तिच्यासमोरच बसले होते. तिने ताट आणून ठेवलं.

पप्पा त्या दोन महिन्यांत "हां", "न्हाय" आणि "राहू दे" एवढंच बोलले असतील.

मग एक दिवस शेठचा फोन आला. शेठ म्हणजे पप्पांचं कापड घेणारे व्यापारी, त्यांचं आता कशेळीला गोडाऊन आहे. म्हणाले, माल आला की कॉम्प्युटरवर एंट्री करायला माणूस पाहिजे. पोरं ठेवली ती कॉम्प्युटर जाणतात पण कापड नाही जाणत, कशाला काय लिहून ठेवतात. तुम्ही कापड जाणता, महिन्याभरात कॉम्प्युटर शिका, मग या, बसवून बघू.

फोन स्पीकरवर होता. पप्पा बावन्न वर्षांचे, त्यांना फोनवरचं व्हॉट्सअपसुद्धा मी उघडून देते. ते "हां" म्हणाले. म्हणजे आता महिन्यात पप्पांना कॉम्प्युटर यायला पाहिजे होता, नाहीतर ती खुर्ची होती आणि पप्पा होते.

म्हणून लॅपटॉप. घरातल्या सगळ्यांना होईल असा एक. पप्पा शिकतील, मी माझे कोर्स करीन, मम्मी तिचे कीर्तनाचे व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर बघेल. लूमच्याच पैशातला होता, त्यामुळे "कितीपर्यंत" हा विषय कोणी काढला नाही.

रिक्षाने निजामपुऱ्यातल्या दुकानात गेलो, तिघंही. दुकानदार तिशीतला, बोलायला गोड.

"बोलो चाचा, किसके लिए? पढ़ाई, ऑफिस, गेमिंग?"

"घर के लिए," पप्पा म्हणाले.

"घर का मतलब?"

"सबका. मेरा, इसका, इसके मम्मी का."

"मेरा कुछ नहीं," मम्मी म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे वळून, "पण काळा नको हं."

काळा नको, कारण काळ्यावर रुई दिसते. कापसाचा बारीक तूस लूममधून उडून जिन्याने वर यायचा आणि सगळ्या घरात बसायचा. आमचा फ्रीज पांढरा, टीव्हीचं कव्हर पांढरं, माझी शाळेची बॅग राखाडी. आता खाली लूम नव्हत्या, रुई उडायला काही उरलंच नव्हतं, पण हे तिच्याही लक्षात नव्हतं आणि माझ्याही. मी म्हटलं, "नाही गं, सिल्व्हर आहे."

आणि मी माझा वाला काढायला सांगितला. दुकानदाराने दोन बोटांनी उघडला, चालू केला.

"दीदी की चॉईस मक्खन है. एकदम साइलेंट, चाचा. पता भी नहीं चलेगा कि चालू है."

पप्पा पुढे वाकले. त्यांचा डावा कान लूमने नेलाय, उजवा चांगला आहे. तो उजवा कान त्यांनी कीबोर्डला लावला. मागे एक गिऱ्हाईक हसलं.

"ये बंद है."

"चालू है चाचा, स्क्रीन देखो ना."

"वो लाईट है. लाईट तो बंद लूम के ऊपर भी जलती है. मशीन बंद है."

मी म्हटलं, "पप्पा, चालू आहे. त्याच्यात पंखाच नाहीये, म्हणून आवाज येत नाही. तीच तर खासियत आहे."

"आवाज न्हाय तर चालू हाय का बंद हाय, कसं कळणार?"

"चाचा, लोग ज़्यादा पैसा देके साइलेंट लेते हैं," दुकानदार हसला, "आप पहले हो जो उल्टा पूछ रहे हो."

"लोगों के पास लूम थी क्या?"

पप्पा काउंटरच्या कडेने चालत निघाले. ओळीने मांडलेले चालू लॅपटॉप, प्रत्येकावर तळहात ठेवायचा, क्षणभर थांबायचं, पुढे जायचं. सकाळी कारखाना सुरू झाला की ते असेच फिरायचे. लूमच्या अंगावर हात ठेवला की त्यांना कळायचं कुठली नीट चालतेय आणि कुठली तार, म्हणजे सुताचा धागा, तोडणार आहे. मी हे इतक्या वेळा बघितलं होतं की दुकानात मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. मम्मी दुसरीकडे बघत होती.

सगळ्यात शेवटी एक जाडजूड, राखाडी, जुना मॉडेल होता, दाखवायला म्हणून दिवसभर चालू ठेवलेला. त्याचा पंखा घरघरत होता. पप्पांनी हात ठेवला आणि काढला नाही.

"हा चालतोय," ते म्हणाले. "जो आवाज करता है वोही दे."

दुकानदार माझ्या जवळ येऊन हळू म्हणाला, "दीदी, पुराना मॉडल है, वज़न है, बैटरी भी कम. आप समझाओ ना."

माझ्या वहीत सगळं होतं. सहा मुद्दे, नंबर घालून. पण पप्पांनी दोन महिन्यांनी एका ठिकाणी उभं राहून इतकी वाक्यं बोलली होती. मी वही पर्समध्ये टाकली.

"हाच द्या," मी म्हटलं. "बॅग फ्री आहे ना?"

शिकवणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. हॉलमधलं टेबल, पप्पा, मी, आणि तो घरघरणारा लॅपटॉप. मी टायपिंग खूप फास्ट करते, बघायचीपण गरज पडत नाही. मला वाटायचं शिकवायचं म्हणजे काय, आपण करून दाखवायचं. पहिल्या दिवशी मी एवढ्या वेगात दाखवलं की पप्पा म्हणाले, "बाय, तू निघून गेलीस, मी अजून स्टँडवरच हाय."

शेठने एक नमुना पाठवला होता. ताका नंबर, म्हणजे कापडाच्या गुंडाळीचा नंबर, मग मीटर, क्वालिटी, तारीख. पप्पा उजव्या हाताच्या एका बोटाने टाईप करायचे. डावा तळहात लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, जिथून पंख्याची गरम हवा येते तिथे.

"पप्पा, दोन्ही हात वापरा."

"ह्यो हात कामावर हाय."

एका ताक्याला त्यांना सुरुवातीला चार-पाच मिनिटं लागायची. पण चूक नाही. एकही नाही. मी मुद्दाम तपासायचे. ते म्हणायचे, एक तार चुकली तर आख्खा ताका जातो, इथं काय वेगळं हाय?

मम्मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझ्याबरोबर कधी एवढा वेळ बसले न्हाय, त्या डब्याबरोबर बसलेत!"

"तू पण आवाज करतेस," पप्पा म्हणाले, "म्हणून तर कळतं चालू हायेस." त्या दिवशी चहात आलं होतं.

एक गोष्ट मी तेव्हाच बघितली होती. थोडा वेळ काही केलं नाही की पंखा मंद व्हायचा, मग बंद. मग पप्पांचं बोटही थांबायचं. "झोपला," म्हणायचे. कळ दाबायचे नाहीत, वाट बघत बसायचे. मी काहीतरी उघडलं, पंखा फिरला, की "उठला" म्हणून पुढची एंट्री. मला ते इतकं मजेशीर वाटलं की मी व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला. क्यूट, क्यूट, असे रिप्लाय आले.

महिना झाला. पंधरा-वीस ताके न थांबता करायला लागले होते. मी त्यांच्याबरोबर कशेळीला गेले. गोडाऊनमध्ये काचेची केबिन, एसी चालू. शेठ बाहेर गेले होते, ऑफिसमधल्या मॅडमनी पप्पांना बसवलं, समोर कागद ठेवला.

"काका, हे दहा ताके आहेत. एंट्री करून ठेवा, मी वीस मिनिटांत आलेच."

मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत. काचेतून पप्पांची पाठ दिसत होती. दोन्ही हात मांडीवर. मला वाटलं मॅडमनी थांबायला सांगितलंय. मी मोबाईल बघितला. परत वर बघितलं, हात मांडीवरच. मला वाटलं आता सुरू करतील. मी उठून काचेवर टकटक करू शकले असते. दहा पावलांवर होते. मी रील बघत होते.

मॅडम आल्या. काचेचं दार अर्धं उघडं राहिलं म्हणून मला ऐकू आलं.

"काका, एकपण नाही केली?"

"मशीन चालू करून द्याल का?"

"अहो, चालूच आहे की!"

मग पप्पांनी घाईघाईने एक एंट्री केली, दुसरी अर्धी. मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, शेठना सांगते, कळवतील.

परत येताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. दोन्ही बाजूंना कंटेनर. पप्पा म्हणाले, "कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली व्हता. कीबोर्ड वेगळा. हाताला काय लागत न्हाय, कानाला काय येत न्हाय. मला वाटलं कोनतरी येऊन चालू करंल."

"हं," मी म्हटलं.

शेजारच्या ट्रकच्या मागच्या चाकांना माती लागली होती, मी ती बघत राहिले. मला काही वाटत नव्हतं. रागही नाही. घरी आल्यावर मम्मीने आमची तोंडं बघितली आणि सरळ ताटं घेतली.

दहा दिवस फोन आला नाही. पप्पा परत खुर्चीत. "राहू दे." लॅपटॉपवर मी माझे कोर्स करत होते. तो टेबलावर घरघरायचा आणि पप्पा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला ते सहा मुद्दे पाठ होते. दुकानात हट्ट करून माझा वाला घेतला असता तर महिनाभर पप्पा बिनआवाजाच्या मशीनवर बसले असते. हे मी जेवताना, आंघोळ करताना, टाईप करतानाही म्हणत होते. म्हणत होते म्हणजे ते वाक्य आपलं चालू असायचं, दुसऱ्या खोलीत टीव्ही चालू असतो तसं.

अकराव्या दिवशी मी बोलून टाकलं. "पप्पा, माझी चूक आहे. तुम्हाला दुकानातच नीट सांगायला पाहिजे होतं. आणि तुम्ही आवाजासाठी थांबता हे मला माहीत होतं. मी तर व्हिडिओ काढला होता."

पप्पांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "कुठं हाय तो व्हिडिओ? दाखव."

दाखवला. त्यांनी स्वतःला बघितलं, हात कोपऱ्यावर, बोट हवेत, थांबलेलं. दोनदा बघितला. हसले नाहीत.

मग उठून देव्हाऱ्याकडे गेले. खालच्या डब्यातून कापूस काढला, बोळा केला आणि उजव्या कानात घातला.

"अहो! तो वातीचा हाय!" मम्मी.

"एक कान तर हाय, त्याला कितीसा लागतो." आता ते आणखीनच मोठ्याने बोलत होते. "बाय, तो वेगळा कीबोर्ड कुठं मिलतो?"

मम्मी हातात लाटणं घेऊन तशीच उभी राहिली. "तीस वर्षं डॉक्टर सांगत व्हता, कानात बोळे घाला, बोळे घाला. तेव्हा न्हाय घातले. आता घरात चिटपाखरू बोलत न्हाय, तर घातले."

पप्पांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मैत्रिणीकडून कीबोर्ड आणला. लॅपटॉप टेबलाच्या त्या टोकाला सरकवला, पप्पा या टोकाला. हाताला काही नाही, कानाला काही नाही. पहिल्यांदा ते तसेच बसून राहिले, गोडाऊनमध्ये बसले होते तसे. मी ओरडून सांगणार होते, पण बोळा होता. म्हणून मी स्क्रीनवर बोट ठेवलं. जिथे टाईप करायचं तिथे ती उभी रेघ लुकलुकत असते ना, तिच्यावर.

"ही! ही लुकलुकते म्हणजे चालू!"

पप्पांनी रेघेकडे बघितलं. लुक, लुक. मग जिन्यावरच्या बटणाकडे बघितलं.

"हां," ते म्हणाले. "म्हंजे ही बोलावतेय."

आणि टाईप करायला लागले. दोन्ही हातांनी नाही, दोन्ही हातांचं फक्त एक एक बोट, पण डावा हात पहिल्यांदा कोपरा सोडून आला होता.

आठवडाभर असंच केलं. मग पप्पांनी स्वतः शेठना फोन लावला. मी समोर बसले होते, मला वाटलं माझ्याकडे देतील. दिला नाही.

"शेठ, त्या दिवशी मशीन चालू व्हती ते मला कळलं न्हाय. आपली मशीन आवाज करते, तुमची करत न्हाय. परत एकदा बसू द्या. दहा ताके. न्हाय जमले तर परत फोन करनार न्हाय."

पलीकडे शेठ काहीतरी बोलले. पप्पा म्हणाले, "हां. मंगळवार."

मंगळवारी ते एकटेच गेले. मी आणि मम्मी वर. ती वाल सोलत होती, मीपण सोलायला बसले, एरवी मी कधी बसत नाही. दुपारी जिन्यावर पावलं वाजली.

"काय झालं?" मी विचारलं.

पप्पा चपला काढून सरळ मोरीत गेले, हात धुतले.

"अहो, काय झालं?" मम्मी ओरडली.

काही नाही. टॉवेलला हात पुसतायत. तेव्हा मला दिसलं, उजव्या कानात कापूस तसाच होता. कशेळीपासून नारपोलीपर्यंत ते तसेच आले होते, सगळ्या त्या ट्रकांमधून. मी जाऊन तो काढला.

"काय म्हणाले शेठ?"

"सोमवारपासून या म्हनाला."

मम्मी वालाची टोपली घेऊन उठली. "डबा लागंल मग," ती म्हणाली आणि आत गेली.

मी उड्या मारीन असं मला वाटलं होतं. मैत्रिणींना मी मेसेज टाकले, भरपूर उद्गारचिन्हं घातली, बोटं आपोआप घालतात. त्यांचे नाचणारे स्टिकर आले. पप्पा खुर्चीत बसले, थोडा वेळ बसले, मग उठून खाली कारखान्यात गेले. पंधरा मिनिटांनी वर आले. खाली काय केलं ते आम्ही विचारलं नाही. बहुतेक काही नसेल केलं.

सोमवारी ते डबा घेऊन गेले. खाली कोणी नाही, वर फक्त आम्ही दोघी. मी दुपारपर्यंत लॅपटॉपवर कोर्स केला. झाल्यावर झाकण मिटायला हात लावला तर मम्मी आतून म्हणाली,

"राहू दे गं."

"काय?"

"त्याला. राहू दे चालू."

मी हात काढून घेतला. पंखा मंद व्हायला लागला, म्हणून मी तिच्या कीर्तनाचा एक व्हिडिओ लावला. आवाज बंद ठेवून. पंखा परत फिरायला लागला.